पहिल्या तुकडीची भाषा

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणापासून थोड्या अंतरावर मरुदानल्लूर नावाचे एक लहानसे गाव आहे. कावेरीच्या फाट्यांनी भिजलेली भातशेती, नारळीच्या रांगा आणि जुन्या अग्रहाराची सरळ गल्ली अशी त्या मुलखातील शेकडो गावांची जी ओळख, तीच या गावाचीही. तरीही दक्षिणेतील भजनी मंडळींच्या तोंडी हे नाव नित्य असते. गोविंदपुरमचे बोधेंद्र, तिरुविसनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी हे दक्षिणी नामसंकीर्तनाचे तीन आचार्य मानले जातात. दक्षिणेतील कोणतेही पारंपरिक भजन प्रथम या गुरूंच्या स्मरणाने सुरू होते आणि मग पुढे सरकते. जी माणसे एका गुरूजवळ शिकली त्यांनी एकत्र बसताना आधी मागे वळून पाहावे, हा या परंपरेचा नियमच आहे. शाळा सोडलेल्या विद्यार्थ्यांची तुकडी पुढे केव्हातरी जमते आणि आपल्या गुरुजींची आठवण काढते, त्याचेच हे एक सनातन रूप म्हणता येईल.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळी तुकडी आहे. ती याच कुंभकोण परिसरातून निघून मद्रासेच्या इंग्रजी शाळेत गेली आणि दक्षिण हिंदुस्थानातील नव्या शिक्षणाचे पहिले फळ ठरली. तिच्यातील सर्वांत नामांकित विद्यार्थी मराठी घरात जन्मलेला होता. या तुकडीने संस्थाने चालविली, शाळा काढल्या, राजपुत्र घडविले. तिच्या कर्तृत्वाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. तिच्या भाषेचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. ज्या घरात मराठी बोलली जात होती त्या घरातील मुलगा शाळेत गेला तेव्हा त्याच्या मराठीचे काय झाले, हा प्रश्न या निमित्ताने विचारावयाचा आहे. त्याच्या उत्तरासाठी तीन शाळांकडे पाहावे लागते : तंजावरच्या राजवाड्यातील, मद्रासेतील आणि मरुदानल्लूरची.

पहिली शाळा राजवाड्यातील. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे भोसल्यांचे राज्य तेथे राहिले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ मध्ये तिरुविसनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि ते ‘शहाजीराजपुरम्’ या नावाने ओळखले जाऊ लागले. श्रीधर अय्यावाळ याच विद्वत्समूहातील. म्हणजे ज्या भजनपरंपरेचा उल्लेख वर आला, तिच्या मुळाशीही मराठी राजांचे दान आहे. मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींचा काळ सर्वसाधारणपणे १७७७ ते १८१७ असा सांगितला जातो. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांचाही जन्म १७७७ मधीलच. काळाच्या प्रवाहात वाळूखाली गेलेली बोधेंद्रांची समाधी सद्गुरुस्वामींनी शोधून काढली आणि तिच्या रक्षणासाठी नदीचे पात्र वळविण्याच्या कामी सरफोजीराजांनी साहाय्य केले, अशी सांप्रदायिक कथा आहे. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी एक स्वामी आणि एक राजा, एका वयाचे, एकाच नदीच्या काठी, आपापली शाळा मांडून बसले होते, हे खरे.

सरफोजीराजांचे शिक्षण ख्रिश्चन फ्रेडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, राजवाडा, तनखा आणि मोकळा वेळ एवढेच उरले. सत्ता गमावलेल्या दुसऱ्या एखाद्या राजाने त्या वेळेचे काय केले असते हे सांगता येत नाही. सरफोजीराजांनी ग्रंथसंग्रह केला, औषधशाळा चालविली आणि शाळा काढल्या. राजवाड्यातील शाळेला व छापखान्याला त्यांनी ‘नवविद्याकलानिधी’ हे नाव दिले. ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र या अन्नछत्राला जोडून त्यांनी विनामूल्य शिक्षणाची सोय केली. या शाळांतून मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फार्सी आणि इंग्रजी अशा अनेक भाषा शिकविल्या जात. त्या काळातील दक्षिणेत हे दृश्य दुर्मीळ होते. एका छपराखाली इतक्या भाषा बसतात, आणि त्यांपैकी एक मराठी असते!

या शाळेला पुस्तके हवी होती. १८०६ मध्ये तंजावरच्या छापखान्यातून ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक निघाले. ते इसापाच्या गोष्टींचे मराठी रूपांतर होय, आणि ते सख्खण पंडितांनी केले होते. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण सेरामपूरहून १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले, हे लक्षात घेतले म्हणजे तंजावरच्या या प्रयत्नाचे मोल कळते. मुंबईत मराठी शालेय पुस्तकांचा उद्योग सुरू होण्याच्या कितीतरी आधी, पुण्यात पेशवाई अजून नांदत असताना, कावेरीकाठच्या मुलांसाठी मराठी गोष्टींचे पुस्तक छापले गेले होते. स्वतः सरफोजीराजांच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नृत्यनाट्य तर याहून विलक्षण आहे. कुरवंजी हा तमिळ मुलखातील लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरातील स्त्री येते आणि आपण पाहिलेल्या प्रदेशांचे वर्णन करते. राजांनी त्या वर्णनाच्या जागी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला. खंडे, देश, समुद्र यांची नावे मराठी पदांतून तमिळ चालीच्या नाटकात गायिली गेली. भाषा जेव्हा नवे ज्ञान आपल्या अंगावर घ्यावयास तयार होते तेव्हाच ती खऱ्या अर्थाने शाळेची भाषा होते, आणि तंजावरची मराठी त्या घटकेला तशी झाली होती.

परंतु त्या शाळेतील मुलांना मराठी केवळ राजाच्या आवडीमुळे शिकावीशी वाटत होती असे मानणे भाबडेपणाचे होईल. मराठीला त्या काळी दक्षिणेत बाजारभाव होता. मद्रास इलाख्यात कलेक्टरांच्या हुजूर कचेऱ्यांतून महसुलाचे हिशेब मोठ्या प्रमाणावर मराठीत, मोडी लिपीत ठेवले जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत चालू राहिली. शिरस्तेदार, कारकून, हिशेबनीस यांच्या जागांवर देशस्थ घराण्यांची पकड होती, ती तलवारीच्या जोरावर नव्हे, लेखणीच्या. माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते रायरायराय व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण झाले, ते याच लेखणीच्या परंपरेतून. घरात मराठी, कचेरीत मराठी हिशेब, आणि रयतेशी तमिळ किंवा मलयाळम अशी त्या पिढीची सरळ व्यवस्था होती. मुलगा मोडी शिकला की त्याच्या पोटाची चिंता मिटली.

माधवरावांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणास झाला. सरफोजीराजे १८३२ मध्ये निवर्तले तेव्हा हा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. त्याच्या वडिलांना आणि चुलत्यांना ज्या विद्येने वर नेले ती विद्या आता पुरणार नाही, हे त्या घराला वेळीच उमगले असावे. कारण नवी शाळा उघडताच मुलगा तीत दाखल झाला.

ही दुसरी शाळा. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत १८४१ मध्ये मद्रासेत सरकारी हायस्कूल सुरू झाले. हे लॉर्ड एल्फिन्स्टन म्हणजे मुंबईच्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे पुतणे. शाळेचे मुख्याध्यापक आयर बर्टन पॉवेल हे केंब्रिजमध्ये गणित शिकून आलेले होते. याच शाळेतून पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज उभे राहिले. माधवराव वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी या शाळेत आले आणि १८४६ मध्ये ‘प्रोफिशंट’ ही पदवी घेऊन बाहेर पडले. मद्रास विद्यापीठ त्या वेळी जन्मालाही आले नव्हते. ही शाळेची पदवी हाच त्या काळचा सर्वोच्च मान होता.

पॉवेल यांच्या अध्यापनाविषयी माधवरावांच्या चरित्रकारांनी जे नोंदविले आहे ते वाचताना वर्गाचे चित्र उभे राहते. मुलगा गणितात आणि खगोलात रमला होता. शाळेच्या वेळेनंतर गुरूच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसून तो ग्रहताऱ्यांचे गणित शिके. बाजारातून भिंगे आणून ती बांबूच्या नळ्यांत बसवून त्याने दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शके तयार केली, असे सांगतात. केंब्रिजचे गणित आणि कावेरीकाठचा बांबू यांचा हा संयोग त्या सबंध पिढीचे बोधचिन्ह म्हणून घेता येईल. शिक्षण संपल्यावर काही काळ त्याने त्याच शाळेत गणित आणि पदार्थविज्ञानही शिकविले.

या शाळेतून एकदोन वर्षांच्या अंतराने जी मुले बाहेर पडली त्यांची नावे एकत्र वाचली म्हणजे थक्क व्हावयास होते. तंजावर जिल्ह्यातील अमरावती गावचे शेषय्या शास्त्री १८४८ मध्ये प्रोफिशंट झाले. व्ही. रामय्यंगार हेही याच शाळेचे. पुढे माधवराव १८५८ पासून १८७२ पर्यंत त्रावणकोरचे दिवाण होते. त्यांच्यामागून १८७२ ते १८७७ शेषय्या शास्त्री दिवाण झाले. आणि १८८० ते १८८७ या काळात रामय्यंगार. एका शाळेतील तीन सोबती एकाच संस्थानाच्या एकाच खुर्चीवर पाठोपाठ बसावेत, मध्ये अवघ्या तीन वर्षांचा खंड पडावा, असे उदाहरण हिंदुस्थानच्या शिक्षणेतिहासात विरळाच. शेषय्या शास्त्री पुढे पुदुक्कोट्टईचा कारभार पाहून १८९४ मध्ये निवृत्त झाले आणि कुंभकोणास येऊन राहिले. तेथेच १९०३ मध्ये त्यांचे निधन झाले. या तुकडीचे वर्तुळ पुन्हा कुंभकोणापाशी येऊन मिटले, ते असे.

या तुकडीला आपल्या शाळेचे ऋण ठाऊक होते. प्रेसिडेन्सी कॉलेजात पॉवेल यांचा पुतळा आहे. परंतु पुतळ्याहून मोठे स्मारक म्हणजे या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले अध्यापन. माधवराव १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. त्या वर्गातील आयिल्यम तिरुनाळ पुढे राजे झाले आणि त्यांच्या राज्यात त्यांचे गुरुजी दिवाण होते. १८६६ मध्ये त्रिवेंद्रमच्या शाळेचे कॉलेज झाले ते याच कारकिर्दीत. धाकटे राजपुत्र विशाखम तिरुनाळ १८८० मध्ये गादीवर आले, आणि त्यांनी आपल्या गुरूंचे सहाध्यायी रामय्यंगार यांना दिवाण नेमले. व्हरांड्यातील शिकवणी अशी राज्याराज्यांतून पसरत गेली.

येथे एक तुलना अपरिहार्य ठरते. याच वर्षांत मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधून मराठी मुले शिकून बाहेर पडत होती. तेथील विद्यार्थी आणि तरुण अध्यापक यांनी १८४८ मध्ये एक साहित्य आणि विज्ञान मंडळ स्थापन केले आणि लगेच त्याच्या देशी भाषांतील शाखा काढल्या. मराठी शाखेतून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० मध्ये निघाले. इंग्रजीतून मिळालेली विद्या मराठीत आणली पाहिजे, हे त्या तुकडीला कर्तव्य वाटले. पुढे १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली तुकडी पदवीधर झाली. तीत रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे होते. रानड्यांनी मराठ्यांच्या इतिहासावरील आपला ग्रंथ इंग्रजीत लिहिला हे खरे, पण त्यांच्या पाठीशी मराठी वाचणारा, मराठीत भांडणारा एक मोठा समाज उभा होता.

माधवरावांच्या पाठीशी असा समाज नव्हता. मद्रासेतील त्यांच्या वर्गात बहुतेक सोबती तमिळ आणि तेलुगू भाषिक होते. त्यांच्याशी बोलावयाचे तर इंग्रजी किंवा तमिळ. मराठी ही त्यांच्या स्वयंपाकघराची, देवघराची आणि नातेसंबंधांची भाषा राहिली. तीत बीजगणित शिकविण्याचा, ग्रहणाचे कारण सांगण्याचा किंवा राज्यकारभाराचे तत्त्व मांडण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलाच नाही. सरफोजीराजांच्या शाळेतील ‘देवेंद्र कुरवंजी’ने मराठीत जो भूगोल गायिला होता, त्याचे नाते या नव्या भूगोलाशी जुळले नाही. आणि हे सर्व जेथे घडले ते तंजावर तेथून फार दूर नव्हते.

दोष कोणाचा, हे ठरविण्याची घाई करू नये. या तुकडीने मराठी सोडली म्हणण्यापेक्षा मराठीखालची जमीनच सरकली, असे म्हणणे न्याय्य होईल. कचेरीतील मोडी हिशेब शतकाच्या मध्याला संपले. त्यांच्याबरोबर मराठीची कमाई संपली. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीच्या धोरणानुसार ते राज्य खालसा झाले. मराठीचे सिंहासन गेले. त्याच १८५५ साली मद्रासच्या हायस्कुलाचे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १८५४ मध्ये, खुद्द कुंभकोणात सरकारी शाळा निघाली होती आणि तिचेच पुढे १८६७ मध्ये कॉलेज झाले. एक दार मिटत असताना दुसरे उघडावे आणि त्यातून आत जाणाऱ्याला मागे काय राहिले ते पाहावयास सवड नसावी, असे ते दोनतीन वर्षांचे अंतर होते.

तरीही या मराठीचा इतिहास येथेच संपला असे नाही. १८७३ मध्ये माधवराव इंदुरास होळकरांचे दिवाण झाले, आणि १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर त्यांना बडोद्यास नेण्यात आले. इंदुरास त्यांच्या जागी त्यांचे चुलत बंधू, कुंभकोणचेच आर. रघुनाथराव आले. कुंभकोणच्या घरात बोलली गेलेली मराठी अशी मराठी दरबारात येऊन पोहोचली. त्याच वर्षी मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक शेतकरी मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक बसला. ते सयाजीराव. त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था झाली, आणि राज्याचे अधिकार हाती येण्यापूर्वी, १८८१ मध्ये, माधवरावांनी त्यांच्यासाठी राज्यशास्त्रावर व्याख्यानांची एक मालाच दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूपात आहे.

या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. समोर बसलेला विद्यार्थी मराठी, शिकविणारा गुरू मराठी. एकाची बोली खानदेशाच्या सीमेवरची, दुसऱ्याची कावेरीकाठची. विषय राज्यनीतीचा, ज्यावर मराठीत ‘आज्ञापत्र’ लिहिले गेले होते. आणि तरीही व्याख्याने इंग्रजीत झाली. व्हरांड्यातील शिकवणीचा हा सर्वांत दूरगामी धडा ज्या भाषेत शिकला गेला होता त्याच भाषेत दिला गेला. मात्र त्या विद्यार्थ्याने पुढे जे केले ते सर्वश्रुत आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सबंध राज्यात लागू केले. देशी भाषांतील ग्रंथांना उदार आश्रय दिला. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. कुंभकोणच्या विद्यार्थ्याने मराठीत एकही पाठ्यपुस्तक लिहिले नाही; पण ज्याने मराठी ग्रंथांना राजाश्रय दिला त्याला त्याने शिकविले. मराठीवरील त्या तुकडीचे ऋण असे आडवाटेने फिटले, असे फार तर म्हणता येईल.

१८८७ च्या डिसेंबरात मद्रासेत राष्ट्रसभेचे तिसरे अधिवेशन भरले तेव्हा माधवराव स्वागताध्यक्ष होते. त्याच वेळी भारतीय सामाजिक परिषदेची पहिली बैठक त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. तिच्यामागे रानडे आणि रघुनाथराव यांचे श्रम होते. मुंबईच्या पहिल्या तुकडीचा पदवीधर, मद्रासच्या पहिल्या तुकडीचा पदवीधर आणि कुंभकोणचा तिसरा सुधारक, तिघेही देशपरंपरेने मराठी, एका व्यासपीठावर आले. विधवाविवाह, बालविवाह हे त्यांचे विषय होते आणि व्यवहाराची भाषा अर्थातच इंग्रजी होती, कारण सभागृह साऱ्या देशाचे होते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत माधवरावांनी ‘नेटिव्ह थिंकर’ या टोपणनावाने लेखन केले, आणि त्यांत देशी मुलांच्या संगोपन-शिक्षणावरील एक छोटेखानी पुस्तिका आहे. दोन मोठी संस्थाने सावरलेला हा पुरुष साठीच्या घरात आला तेव्हा त्याला लिहावेसे वाटले ते मुलांविषयी. शाळेकडे मागे वळून पाहण्याची ती त्याची रीत होती. ४ एप्रिल १८९१ रोजी मैलापूर येथे त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा कुंभकोणाकडे येऊ. तेथील सरकारी कॉलेज प्राचार्य पोर्टर आणि प्राध्यापक टी. गोपाळराव यांच्या काळात इतके नावारूपास आले की त्याला ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणत. गोपाळरावांच्या नावाने पुढे गावात ग्रंथालय उभे राहिले. या कॉलेजात १८८० मध्ये यू. व्ही. स्वामिनाथ अय्यर हे तमिळचे अध्यापक म्हणून आले. त्यांचे सारे शिक्षण जुन्या पद्धतीने, महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिल्लै यांच्या पायाशी बसून झाले होते. कुंभकोणच्याच एका मुन्सफाने, सेलम रामस्वामी मुदलियारांनी, त्यांना विचारले की तुम्ही शिकलेल्या ग्रंथांच्याही मागचे प्राचीन ग्रंथ तुम्ही वाचले आहेत काय. त्या प्रश्नातून ‘जीवकचिंतामणी’चे संशोधन सुरू झाले आणि १८८७ मध्ये तो ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. पुढे संघवाङ्मयातील ग्रंथांमागून ग्रंथ ताडपत्रांतून बाहेर आले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी गुरुगृहातील दिवसांची जी आठवण लिहिली आहे, ती आधुनिक तमिळ गद्याचे भूषण समजली जाते.

हे स्मरण येथे अशासाठी की एकाच गावात, एकाच काळात, दोन भाषांचे भाग्य किती भिन्न ठरले ते यावरून दिसते. तमिळला इंग्रजी कॉलेजात जागा मिळाली, जुनी विद्या जाणणारा शिक्षक मिळाला आणि त्याला प्रश्न विचारणारा नवशिक्षित मिळाला. तंजावरच्या मराठीजवळ हस्तलिखितांची वाण नव्हती. शहाजीराजांपासूनची नाटके, समर्थ संप्रदायाच्या तंजावर व मन्नारगुडी येथील मठांतील वाङ्मय, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसलेवंशाचा प्रदीर्घ शिलालेख, आणि सरस्वती महालातील मोडी कागदांचे रुमाल असे तिचे धन मोठे होते. उणीव होती ती वर्गाची. ज्या मुलांनी ते वाचावयाचे ती दुसऱ्या वर्गात बसली होती.

मग या मराठीला आसरा मिळाला कोठे? तिसऱ्या शाळेत. मरुदानल्लूरच्या परंपरेतून वाढलेल्या भजनपद्धतीत जयदेवाच्या अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, भद्राचल रामदासांची तेलुगू कीर्तने, पुरंदरदासांची कन्नड पदे आणि तमिळ गीते यांच्या पंक्तीत मराठी अभंगही बसले. सद्गुरुस्वामी स्वतः तेलुगू भाषिक कुळातील. त्यांनी आखलेल्या वाटेवर भाषेची चौकशी झाली नाही. संतांचे आहे ना, एवढे पुरे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्वाल्हेरकडील रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरास आले आणि त्यांच्या मराठी कीर्तनाने तेथील कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांना भारून टाकले. कृष्ण भागवतरांनी घडविलेल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी वृत्तप्रकार कायमचे आले. ज्या श्रोत्यांना मराठी येत नव्हती तेही साकीची चाल ओळखू लागले.

येथे परीक्षा नव्हती, पदवी नव्हती, नोकरी तर नव्हतीच. तरीही शतक-दीड शतकानंतर या प्रदेशातील तरुण मुले टाळ घेऊन अभंग म्हणतात, पुष्कळदा तमिळ लिपीत लिहून घेतलेले. २०११ मध्ये गोविंदपुरम येथे विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे मंदिर झाले आणि तेथे नामाचा गजर होतो. तंजावरी मराठी घरांतून बोली टिकून आहे, तिच्यात तमिळ शब्द मुरले आहेत. बालबोध वाचणारे थोडे, मोडी वाचणारे त्याहून थोडे.

यावरून भजनाची शाळा जिंकली आणि इंग्रजी शाळा हरली, असा सोपा निष्कर्ष काढता येणार नाही. भजनाने मराठीचा नाद राखला, संतांचे शब्द राखले; पण त्या नादात नवा विचार लिहिला गेला नाही. गाणारा मुलगा अभंग अचूक म्हणतो आणि त्याच अभंगाच्या भाषेतील एक पत्र त्याला लिहिता येत नाही. उलट, मद्रासच्या तुकडीने विचार केला, राज्ये चालविली, शाळा उघडल्या. पण तो विचार घरच्या भाषेत उतरला नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र कराव्यात असा उद्योग झाला होता तो राजवाड्यातील शाळेतच, जेथे इसाप मराठीत आला आणि पृथ्वीचा भूगोल मराठीत गायिला गेला. ती शाळा एका राजाच्या हौसेवर आणि कचेरीच्या गरजेवर उभी होती, म्हणून राजा गेल्यावर आणि कचेरी बदलल्यावर तिला आधार राहिला नाही.

भाषा टिकावयाची तर तिला तीन गोष्टी लागतात असे या तीन शाळांवरून दिसते : तीत पोट भरता यावे, तीत नवे शिकता यावे आणि तीत गाता यावे. तंजावरच्या मराठीची पहिली गोष्ट इंग्रजांनी नेली, दुसरी तिच्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांना सुचली नाही, तिसरी मात्र मरुदानल्लूरच्या वाटेने उरली. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले, आणि तेथील मोडी रुमालांना वाचक अजून हवेच आहेत. साहित्याच्या आजच्या विद्यार्थ्याने त्या कागदांपर्यंत जावे. तेथे त्याला राजवाड्याच्या शाळेचे कागदही भेटतील : कोणी काय शिकविले, कोणास काय दिले, कोणत्या भाषेत. माधवरावांच्या तुकडीला पॉवेल यांचा पुतळा पाहून आपल्या शाळेची आठवण होत असे. त्यांच्याही आधीच्या त्या मराठी तुकडीची आठवण ठेवण्यास पुतळा नाही. मोडी वाचणारा एखादा विद्यार्थी भेटला तर ती अजून आपले नाव सांगेल.